डाव्या खिशाचं बटण

मास्तरांनी टेपचं टोक फोटोवर टेकवलं आणि लगेच उचललं. फोटोचं माप घेता येत नाही, हे पन्नास वर्षं शिलाई केलेल्या माणसाला कुणी सांगायला नको. पण समोर गिऱ्हाईक उभं असलं की हात गप्प बसत नाहीत.

"हाच पोशाख हवाय," दारातली बाई म्हणाली. "अगदी असाच. नवा शिवा, नाहीतर जुना शोधून द्या. मी चार दुकानं पालथी घालून आलेय."

फोटोत एक जाडा हवालदार होता. गाल फुगलेले, टोपी कानावर कललेली, खाली पडलेल्या शिटीसाठी अर्धवट वाकलेला. शेजारी चोर उभा होता, आणि तो चोरच ती शिटी उचलून हवालदारापुढे धरत होता. हा प्रसंग पाठ नसलेलं माणूस त्या काळात शोधून सापडलं नसतं. 'नऊ नंबरची चौकी' लागली की रस्ते ओस पडायचे. मागच्या गल्लीतला डॉक्टर तर पेशंटला घेऊन शेजाऱ्यांच्या टीव्हीसमोर जाऊन बसायचा. दर भागात हवालदार दबक्या पावलांनी चोरामागे जायचा, ऐन वेळी वाकायचा, खिशातली शिटी टणकन फरशीवर पडायची आणि चोर सावध व्हायचा. पळण्याआधी मात्र तो शिटी उचलून अदबीने म्हणायचा, 'हवालदारसाहेब, तुमची शिटी.' दर भागात तेच, आणि दर भागात लोक पोट धरून हसायचे. त्या नटाचं खरं नाव कुणी घेत नसे. तो सगळ्यांचा शिटीवाला होता.

"तुम्ही त्यांच्या कोण?" मास्तरांनी विचारलं.

"मुलगी."

मास्तरांनी टेप गळ्यात अडकवली. स्टूल पुढे सरकवलं नाही.

बाई उभ्यानेच सांगत राहिली. वडिलांना वर्षभरापासून काही आठवत नाही. बायको जाऊन सहा वर्षं झाली, ते आठवत नाही. समोर उभी आहे ती आपली मुलगी, हेही नाही. एवढंच आठवतं की ड्यूटीवर जायचंय आणि गणवेश सापडत नाही. सकाळी उठले की कपाटं उघडतात, गाद्या उलट्या करतात. ताट पुढे ठेवलं तर म्हणतात, उशीर झालाय, साहेब ओरडेल.

"भाड्याचा आणला होता मी, नाटकवाल्यांकडून. घातला, खिसे चाचपले आणि काढून माझ्या अंगावर फेकला. म्हणाले, 'हा खऱ्या पोलिसाचा आहे. खऱ्याचा घालून मला आत पाठवतेस काय?'" ती हसायला गेली, पण ते हसू अर्ध्यातच राहिलं. "चार दिवस नुसत्या चहावर आहेत, मास्तर."

"माझं दुकान कुणी दाखवलं?"

तिने फोटो उलटा केला. मागे निळ्या शाईत, उजवीकडे कललेल्या अक्षरात लिहिलं होतं, 'पोशाख – मास्तर, पाण्याच्या टाकीमागे.'

"त्यांचंच अक्षर आहे," ती म्हणाली.

मास्तरांनी ते दोनदा वाचलं. मालिका संपली की पडद्यावर नावं धावायची. दिवे धरणाऱ्याचं नाव यायचं, गाड्या पुरवणाऱ्याचं यायचं, एकदा तर निर्मात्याच्या कुत्र्याचंही आलं होतं. सहा वर्षांत शिंप्याचं नाव एकदाही आलं नाही. ते इथे या फोटोच्या पाठीवर येऊन पडलं होतं, आणि आज ते सापडून काही उपयोग नव्हता.

दोन शब्दांत तिचं काम झालं असतं. बटण कापा. भाड्याच्या शर्टाच्या डाव्या खिशाचं बटण कापा आणि पुन्हा पुढे करा, मुकाट घालतील. मास्तरांना हे ठाऊक होतं, कारण ती चूक त्यांचीच होती. पोलीस खात्याने मालिकेला परवानगी देताना अट घातली होती : पोशाख हुबेहूब नको, एकतरी चूक ठेवा, उद्या तोच घालून कुणी लोकांना लुबाडायला नको. निर्माता म्हणाला, करा काहीतरी चूक. मास्तर म्हणाले, माझ्या हाताला तेवढंच येत नाही. मग एक अख्खी दुपार खाऊन त्यांनी ठरवलं. डाव्या खिशाच्या झाकणाला काज करायचं, टोकदार इस्त्री फिरवायची, सगळं चोख. फक्त खाली बटण लावायचं नाही. पहिल्याच दिवशी त्या उघड्या खिशातून शिटी पडली. खरंच चुकून पडली. सगळे हसले, आणि जाड्याने ती चूक उचलली ती कायमची.

"मास्तर?" बाई म्हणाली.

"आहे माझ्याकडे एक," मास्तर म्हणाले. "उद्या सकाळी मी स्वतः घेऊन येतो. पत्ता लिहून ठेवा."

बटणाचं त्यांनी सांगितलं नाही.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मधल्या पडद्याआडून बायकोने सगळं ऐकलं होतं. मास्तर आत आले तेव्हा ती पत्र्याच्या ट्रंकेवर बसली होती.

"कुठला आहे तुमच्याकडे?"

"ऊठ."

"नाही उठत. अकरा वर्षांत ही ट्रंक उघडू दिली नाहीत. एकदा डांबराच्या गोळ्या टाकायला गेले तर घर डोक्यावर घेतलंत. आणि आज त्या नाटक्यासाठी उघडता?"

"त्याला द्यायला नाही नेत. दाखवायला नेतोय."

"काय दाखवणार?"

"पोराचा शर्ट. त्याच्या नाकासमोर धरणार आणि विचारणार, ओळखलंस का रे? तुझी नक्कल करत एक पोरगं मोठं झालं. शाळेच्या शर्टाचा खिसा उघडा टाकून, दर चार पावलांवर खडू पाडत हिंडायचं. पोलीस म्हणजे पडलेली शिटी आणि हसणारी माणसं, असं वाटलं त्याला. गेलं भरती व्हायला. तू गादीवर म्हातारा झालास, त्यानं पंचविशी नाही गाठली." मास्तरांना धाप लागली. "एवढं बोलणार आणि परत येणार."

"आणि त्याला कळणार? स्वतःची बायको मेलेली कळत नाही त्याला."

"न कळू दे. मला बोलायचंय."

 बायको गुडघ्यावर हात टेकून उठली.

"नेताय तसा परत आणा. घडीसुद्धा मोडू नका."

पोरगं भरतीनंतर पाचव्या महिन्यात गेलं. सलग तिसरी पाळी, पहाटेचं धुकं, रस्त्यात आडवे लोखंडी अडथळे आणि समोरून न थांबलेला ट्रक. उजेड पडला की चमकतात ती जाकिटं त्या नाक्यावर दोन होती आणि माणसं पाच. खात्याचं पत्र आलं. त्यात शौर्य होतं, कर्तव्य होतं, त्याग होता. जाकीट नव्हतं. मैदानावर मानवंदना म्हणून हवेत गोळ्या झाडल्या. हवेसाठी गोळ्या होत्या खात्याकडे.

हे मास्तर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. शिटीवाल्याला शिव्या घालत, त्या मालिकेला घालत, गल्लीत कुणी मोबाइलवर जुना भाग लावून हसलं तर उठून दार लावत. एक गोष्ट मात्र त्यांनी बायकोलाही सांगितली नव्हती.

पहिल्या परेडचा शर्ट त्यांनी हट्टाने स्वतः शिवला होता. 'सरकारी शिवण अंगाला टोचते, पहिल्या दिवशी बापाच्या हातचा घाल.' पोरगं सकाळी शिटी मारत गेलं आणि संध्याकाळी भाजलेल्या तोंडाने परत आलं. साहेबाने दिवसभर मैदानात उन्हात उभं केलं होतं.

'बाबा, डाव्या खिशाला बटणच नव्हतं,' ते हसत म्हणालं. 'सवयीनं विसरलात वाटतं.'

ते हसणं मास्तरांना ऐकूच आलं नाही. फक्त बटण ऐकू आलं. सहा वर्षं खाकी कापडावर एक बटण गाळत आलेला हात, त्याने पोटच्या पोरालाही सोडलं नाही. पोरगं पहिल्याच दिवशी साहेबाच्या डोळ्यात खुपलं. पुढे नाक्याच्या पाळ्या लागल्या की नाव त्याचंच. शर्ट तसाच ट्रंकेत गेला, पुढच्या दिवसापासून सरकारी गणवेश आला, आणि मास्तरांनी त्या शर्टाकडे पुन्हा पाहिलं नाही. हाताचा राग माणूस किती दिवस हातावर काढणार? त्याच हातावर पोट असतं. म्हणून तो शिटीवाल्यावर निघायचा.

आताही मास्तरांनी घडी न उलगडता, मान वळवूनच शर्ट पिशवीत टाकला.

सकाळी मास्तर पत्त्यावर पोचले, तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत कपाटांची दारं सताड उघडी होती. पलंगाच्या कडेवर बनियन घातलेला एक म्हातारा बसला होता. मास्तर त्याच्या पलीकडे बघत राहिले. जाडा माणूस कुठे दिसतोय का, म्हणून. गळ्याची कातडी मापाबाहेरच्या कपड्यासारखी लोंबत होती. मुठीत शिटी होती.

"झोपेतही सोडत नाहीत," मुलगी हळूच म्हणाली.

"उशीर झालाय," म्हातारा म्हणाला. "साहेब ओरडेल."

मास्तर पिशवी छातीशी धरून उभे राहिले. वाक्य तयार होतं. रस्ताभर घोटलं होतं. त्यांनी शर्ट बाहेर काढला, दोन्ही खांद्यांना धरून झटकला आणि म्हाताऱ्याच्या तोंडासमोर उभा धरला.

"ओळखलंस..."

म्हाताऱ्याने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो उठला, पाठमोरा झाला आणि दोन्ही हात मागे केले. वर्षानुवर्षं कुणीतरी मागून शर्ट चढवायची सवय असलेला माणूस करतो तसे. आणि मास्तरांचे हात, ते मेले आयुष्यभर कुणाचं ऐकत नाहीत, त्यांनी बाह्या चढवल्या, कॉलर बसवली, पाठीवरची चुणी खाली ओढली.

खांद्याची शिवण खांद्यावर बसली. केसभरही इकडेतिकडे नाही. वाळत वाळत म्हातारा नेमका पोराच्या मापाचा झाला होता. मास्तरांनी पलंगाचा कठडा धरला.

म्हातारा खिसे चाचपत होता. उजवा खिसा. बटण आहे. त्याच्या कपाळावर आठी पडली. डावा खिसा. झाकण नुसत्या बोटाने वर गेलं. बोट आत गेलं, बाहेर आलं, पुन्हा आत गेलं. आठी गेली.

"हा माझा," तो म्हणाला.

मुलीने तोंडावर हात धरला. मग डोळे पुसून ती जवळ आली.

"अगंबाई, इथलं बटण गळलंय की. मास्तर, जाता जाता लावून देता? दोरा आहे घरात."

दोरा मास्तरांकडेही होता. ओवलेली सुई सदऱ्याच्या पट्टीला कायम टोचलेली असे. ते खाली वाकले, झाकण वर धरलं, आणि बटणाची जागा अंगठ्याने चाचपली.

अंगठ्याला काहीतरी लागलं.

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि डोळे कापडाला लावले. कापडावर दोऱ्याचा एक बारीक बुंधा उभा होता. तीळभर. बटण लावलं की मास्तर त्याच्या खाली दोऱ्याची मान करत, पाच वेढे, आणि गाठ आतून. बाकीचे शिंपी तीन वेढ्यांत उरकतात. त्यांनी नखाने वेढे मोजले. पाच होते. गाठ आतून होती. आणि वरची टोकं एका रेषेत होती, कातरलेल्या मिशीसारखी. बटण ओढून तुटलं तर दोरा पिंजतो. ब्लेडने कापलं तरच टोक असं सरळ राहतं.

बटण लावलेलं होतं. हाताने ते गाळलं नव्हतं. कुणीतरी ते बेताने, कापडाला ओरखडा न येऊ देता कापलं होतं, आणि हा शर्ट आजच्याआधी एकाच माणसाने अंगात घातला होता. एकाच दिवशी.

मास्तर वाकलेलेच राहिले.

आता तर बोलायलाच हवं होतं. आजवर अर्धी शिवी याला होती आणि अर्धी स्वतःला. आता सगळीच्या सगळी याची होती, आणि पुरावा अंगठ्याखाली होता. पोराने पहिल्या परेडला जाताना, घरातल्या कुठल्यातरी कोपऱ्यात उभं राहून, या माणसाच्या वेडापायी बटण कापलं होतं. आणि बाप रागवेल म्हणून बापावरच ढकललं होतं. लहानपणी फुटलेली कपबशी मांजरावर ढकलायचं, तसं.

त्यांनी मान वर केली.

म्हाताऱ्याने त्यांच्या हातावर हात ठेवला आणि सुई बाजूला सारली.

"नको, मास्तर," तो म्हणाला. "चूक असू दे. चुकीवरच पोट आहे आपलं."

"तुम्हाला ओळखलं?" मुलगी म्हणाली. "मास्तर, मला नाही ओळखत हो ते. तुम्हाला ओळखलं."

म्हाताऱ्याने शिटी डाव्या खिशात टाकली, झाकणावर थाप मारली आणि चवड्यांवर उभा राहिला. एक पाऊल. दुसरं पाऊल. पाय लटपटत होते, पण टाच वाजत नव्हती. खोलीच्या मधोमध येऊन तो वाकला.

शिटी टणकन फरशीवर पडली आणि घरंगळत मास्तरांच्या पायाशी आली.

मुलगी उचलायला धावली. म्हाताऱ्याने न बघताच हाताने तिला उडवून लावलं. तू नाही. तो तसाच वाकून थांबला. मानेची शीर थरथरत होती, कपाळावर घाम आला होता, तरी सरळ होईना. कुणीतरी एक वाक्य बोलायचं बाकी होतं.

मास्तरांच्या ओठाशीही एक वाक्य होतं. रस्ताभर घोटलेलं, अकरा वर्षं घोटलेलं.

ते खाली वाकले. गुडघे कटकन वाजले. शिटी उचलून त्यांनी बाहीला पुसली.

"हवालदारसाहेब," ते म्हणाले. त्यांनी शिटी पुढे धरली. "तुमची शिटी."

म्हातारा सरळ झाला. शिटी घेतली, खिशात टाकली आणि मुलीला विचारलं, "बाई, जेवायला आहे का काही? साहेब यायच्या आत दोन घास खाऊन घेतो."

मास्तर घरी परतले तेव्हा बायको दारातच उभी होती. तिने आधी पिशवी पाहिली. पिशवी सपाट होती.

"शर्ट?"

"त्याच्या अंगावर आहे."

"परत कधी देणार?"

मास्तर चपला काढत राहिले. दोन चपला काढायला त्यांना फार वेळ लागला.

"म्हणजे देऊन आलात." ती भिंतीला टेकली. "एकच होता हो. एकच होता तो घरात. बोललात तरी का त्याला?"

"नाही."

"मग गेला होतात कशाला?"

मास्तर मशीनसमोरच्या स्टुलावर बसले. बोटं चाकावर ठेवली.

"बटण मी लावलं होतं," ते म्हणाले.

"कसलं बटण?"

मग त्यांनी सांगितलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा, आणि मशीनकडे बघत. परेड, ऊन, साहेब, सवयीने गाळलेलं बटण, आणि आज अंगठ्याला लागलेले पाच वेढे.  

"मला वाटायचं तुम्हाला त्या नाटक्याचा राग आहे," बायको म्हणाली.

"होताच."

"हे सगळं एकट्यानं घेऊन बसलात."

मास्तरांनी चाक थोडं पुढे फिरवलं, थोडं मागे.

"त्या संध्याकाळी पाणी प्यायला आत आला होता," बायको म्हणाली. "म्हणाला, आई, आज परेडला माझी शिटी पडली. मी म्हटलं, पडली तर उचलायची. मला काय ठाऊक बाई. कढईत तेल तापलेलं होतं. म्हणाला, अगं तसं नाही, सगळी रांग हसली."

"मला नाही बोलला."

"बोलणार होता. तुम्ही इथं असेच बसला होतात, तोंड फिरवून. म्हणाला, बाबा चिडलेत, मग सांगीन कधीतरी. मग राहिलं."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"सगळी रांग?" मास्तरांनी विचारलं.

"सगळी. शेवटचा माणूससुद्धा."

"आणि साहेब?"

"शिक्षा दिली की त्यानं. दिवसभर उन्हात." ती थांबली. "पण आधी पाठ फिरवली म्हणे. पाठमोरा उभा राहिला बराच वेळ, आणि खांदे हलत होते."

मास्तरांनी मान हलवली. मग ते मशीनकडे वळले, पूर्ण पाठमोरे झाले. बायको त्यांच्या खांद्यांकडे बघत राहिली.